सातवं माप

तुशेतीच्या कुरणांवर जून म्हणजे अजून थंडीच.
मोठ्या कुत्रीला आठ पिल्लं झाली त्या रात्री
झेझ्वा कंदील घेऊन आला, वाकला, मोजली.
दोन जन्मतःच गार.
उरलेल्या सहांतली पाच ठेव, म्हणाला,
दूध पाचांपुरतंच असतं.
हे त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं.
सगळ्यात लहान ते बोटानं बाजूला सारून म्हणाला,
ओढा जवळच आहे, लामारा.

ओढा जवळच होता.
हंडा घासायला मी रोज जाते तिथं.
त्या दिवशीही हंडा घासला
आणि पिल्लू ओच्यातून तसंच परत आणलं.
दया वगैरे काही नव्हती.
हात बर्फासारखे झाले होते
आणि जवळ तेवढी एकच गोष्ट ऊबदार होती.

चीजच्या तराजूत ठेवलं त्याला.
शंभराची दोन वजनं, पन्नासाचं एक.
पारडं वजनांकडेच झुकलं.
पन्नासाचं काढलं, तेव्हा काटा सरळ.

मेंढीचं दूध, हातमोज्याचं एक बोट,
बोटाला सुईनं भोक.
दर दोन तासांनी.
मग ओल्या लोकरीनं पोट चोळायचं,
नाहीतर एवढ्याशा जिवाला लघवीसुद्धा होत नाही.
हे कुणी शिकवलं नाही मला.
अख्खी दुपार कुत्रीकडे बघत बसले होते
चोरासारखी.

झोपायला रिकामा गुडा,
आम्ही चीज भरतो ती मेंढीच्या कातड्याची पिशवी.
त्यामुळे त्याला आंबूस वास यायचा,
तसा तो आम्हा सगळ्यांनाच येतो.
नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की माणूस अडकतो.
नुसतं चिमूट म्हणायचे,
मिठाची असते तसली.
तेवढी कमी पडली तर अख्खा गुडा नासतो,
हे झेझ्वालाही माहीत आहे.

आठव्या दिवशी वजन वीस ग्रॅमनं घटलं.
कुणाला बोलले नाही.
हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर
रोजचा आकडा लिहायचे.
लेक्सोनं एकदा वही उघडली, पोरगं घाबरलं:
मावशी, आठवड्याला एवढंच चीज विकलं?
म्हटलं, हो रे, बाजार मंदा आहे.

जुलैत झेझ्वानं पाचांचे कान कापले,
लांडग्याला धरायला काही राहू नये म्हणून.
सहाव्याकडे बघून म्हणाला,
याच्यासाठी कात्री कशाला खराब करू.
म्हणून त्या सगळ्यांत
कान पूर्ण असलेला हा एकटाच.

आणि भित्रा. झोप कसली, डुलकीच.
चंद्रावर भुंकायचा, रिकिबीवर भुंकायचा,
वाळत घातलेल्या माझ्या परकरावर भुंकायचा.
तो उठला की मोठे उठायचे, मग माणसं.
झेझ्वानं दोनदा बूट फेकून मारला.
दुसरा बूट कुत्रीला लागला.

लांडगा आला का? नाही.
आला असता तर गोष्ट चांगली झाली असती.
एका सकाळी ओल्या मातीत
अस्वलाचं पाऊल दिसलं, कुंपणापासून तीसेक पावलांवर,
तिथूनच मागे वळलेलं.
का वळलं ते अस्वलाला ठाऊक.
झेझ्वा पावलाशेजारी उकिडवा बसला बराच वेळ.
मग उठून घोड्याला पाणी दाखवायला गेला.

ऑक्टोबरात, आबानोचा घाट उतरायच्या आदल्या संध्याकाळी,
निवळीत कुत्र्यांचं पीठ शिजत होतं.
पीठ झेझ्वाच मोजतो, कुत्र्यागणिक एक माप.
सहा मापं टाकली त्यानं, नेहमीसारखी.
चार महिने सातव्याचं पोट
माझ्या भाकरीच्या कडांवर भरत होतं.
मी पळी ढवळत राहिले.
त्यानं दाढी खाजवली.
पोत्यात पुन्हा हात घातला.
भरलेलं नव्हतं माप, पाऊणच.
मी पाहिलं.
मी पाहिलं, हे त्यानं पाहिलं.
म्हणाला, पोत्याचं तोंड बांध, पीठ सर्द होतंय.

निघताना सामान बांधत होते.
तराजू शेवटी बांधायचा असतो.
चिमटीला म्हटलं, ये.
पुढचे दोन पाय पारड्यात ठेवले त्यानं,
मागचे गवतातच राहिले,
आणि दांडी जमिनीला टेकली.
शेवटच्या पानावर तारीख घातली,
पुढे लिहिलं: तराजू पुरला नाही.