एका वेळी एकच

वीज पडली ती जोशीलकरांच्या शेवग्यावर,
जळाला मात्र आमचा फोन.
रिसिव्हर कानाला लावला तर नुसता वास,
करपलेल्या दुधाचा.
लाइनमन बसलिंगप्पा खांबावरून ओरडला,
"लाइन छलो ऐती, डबडंच गेलंय तुमचं!"
नवं डबडं महिन्याभरानं.

मग तो मोडेम आठवला.
मिरचीचे भाव हुबळीला कळवून कळवून थकलेला,
अडत दुकानातून मालकानं मला देऊन टाकलेला.
फटींत अजून लाल धूळ.
कॉम्प्युटरला जोडताना तीन शिंका आल्या.

पडद्यावर एक फोन उगवला, चौकोनी बटणांचा.
त्याला बोट लागत नाही, बाण लागतो.
"असला फोन धरायचा कुठं?" आई म्हणाली.
मी माइक दिला, शेंगेएवढा.
तो तिनं उसन्या डागासारखा
पदराच्या टोकावर ठेवला.

मावशी गडहिंग्लजला.
हिरण्यकेशी तिच्या गावावरनं संकेश्वरला येते,
वाटेत तिला कुणी राज्य विचारत नाही.
आम्हाला आधी शून्य लावायला लागतं.

लावलं. स्पीकरमधनं टिरटिर,
मग ती बाई, कन्नडमधनं, साखर घातल्यासारखी:
दयविट्टु स्वल्प समयद नंतर प्रयत्निसिरि.
आई तिला दर वेळी उत्तर द्यायची,
"आय्तु बाई, आय्तु."

चौथ्या खेपेला मावशी लागली,
आख्खा सोपा तिच्या आवाजानं भरला.
"कोण, गौराक्का? विहिरीतनं बोलालीस काय गे?"

खोट अशी होती, मला आधी कळली असती तर बरं,
त्या मोडेमला दोन आवाज एकदम पेलत नव्हते.
स्पेसबार दाबला की आई जायची,
सोडला की मावशी यायची.
एका वेळी एकच.

आणि ह्या दोघी!
एकीनं वाक्य सुरू करावं, दुसरीनं संपवावं,
भांडायच्या त्यासुद्धा एकदम,
नंतर कोण काय म्हणालं ते दोघींनाही सांगता येऊ नये.
निम्मी वाक्यं वाटेतच तुटली.
शेवटी मी बोटानं दाखवायला लागलो:
बोल. थांब. आता बोल.
आई बोटाकडं बघत राहिली,
पहिलीतल्या पोरीगत.

थांबल्यावर ऐकू यायला लागलं.
मावशीच्या मागं शिलाई मशीन चालू होतं,
ते थांबलं.
त्याच्याही मागं एक बारीक शिट्टी,
ती मात्र थांबेना.
"दम लागालाय व्हय गे तुला?" आईनं विचारलं.
मी बोट उचललं.
बराच वेळ काही नाही, फक्त शिट्टी.
"दिवाळीपासनं लागालाय.
तू कधी बोलू दिलीस?"

मी स्पेसबार दाबला. आई बोलेना.
बटण दाबून धरलेलं, माइक उघडा,
आमच्या घड्याळाची टिकटिक, कारखान्याचा भोंगा,
कुकरची एक शिट्टी
सगळं सरळ गडहिंग्लजला चाललेलं.
मग आई रडायला लागली
आणि मी बोट काढायला विसरलो.
काढलं तेव्हा मावशीचं तिकडं रडून झालं होतं,
नाक ओढत ती म्हणत होती,
"ऐकू यालंय काय गे? हॅलो? हॅलो?"

दोघींनी मिळून रडायची सोय
त्या यंत्रात नव्हती.

महिन्यानं बसलिंगप्पा फोन घेऊन आला, हिरवा.
आईनं तो पदरानं पुसला, मावशीला लावला,
पुन्हा दोघी एकदम, आधीसारख्या,
कोण कुणाचं ऐकतंय देव जाणे.
फक्त मधनंच आई गप्प व्हायची,
रिसिव्हर कानाशी तसाच,
आणि वळून माझ्याकडं बघायची.
हात आमटीत असला तरी
मी बोट वर करायचो.