परत न आलेली लांबी

घणसोलीच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं
मी रबराच्या पट्ट्या ताणल्या.
तुटेपर्यंत नाही, ते कुणालाही जमतं.
दुप्पट ताणायचं, दहा मिनिटं धरायचं, सोडायचं,
आणि मोजायचं
किती परत आलं नाही.

वहीत खरं लिही, वैशंपायनबाई म्हणायच्या,
शून्य आलं तर मोजण्यात चूक आहे.

स्टायरिनचा वास शर्टातून कधी गेला नाही;
धाकटी त्यालाच बाबांचा वास समजायची.
बॅच दोनशे सतरा चिकटच राहिली.
तिचा डबा अजून माळ्यावर आहे.

कंपनीच्या जागी आता काचेची इमारत.
पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाला भेटायचंय?
नाव सुचलं नाही.

घरी कुकरची रिंग सैल झालीय.
नवी आणा, म्हणते ही.
मी आधी फूटपट्टी शोधतो.