आतली कातडी

बामणोदचं वांगं पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात.
तेल चोपडायचं, आत वाफ शीळ घालू लागली की पलटायचं.
साल आधी काळी पडते, मग सैल होते,
मग एका बोटानं सगळी निघते.
एकवीस हिवाळे हेच केलं.
दोनशे पानांची भरीत पार्टी,
आणि मिठाचा निवाडा माझ्या जिभेवर.

आता जळगावला, तळघरात,
जाळीचा मुखवटा तोंडावर आवळतात
आणि सगळे खोलीबाहेर जातात.
धूर नाही. चटका नाही.
पहिले दोन आठवडे मी शेवभाजी खाल्ली,
बाकावरच्या झिपरूला म्हटलं,
हा कसला जाळ भो, पापडही भाजायचा नाही.

अकराव्या बैठकीनंतर गाल आतून लाल.
पुढं दुधावर साय धरावी
तशी पांढरी चकती.
एका सकाळी ती उचलली गेली,
खाली ओलं, उघडं.
लाळ डिंकासारखी. दही पितळेसारखं.
पाणीसुद्धा कडेनं कापत जातं.
माझ्या नावात जीभ तीनदा वर टेकते,
लो, ट, न.
खिडकीवर मी आता नुसती फाईल पुढे करतो.

डॉक्टर तडवीबाई टॉर्च लावून बघतात.
म्हणतात, ही कातडी सारखी नवी होत असते काका,
म्हणून हीच आधी भाजते.
मशीन थांबलं की उगवेलही लवकर.
मी कागदावर लिहिलं, चव?
त्या जरा वेळानं म्हणाल्या,
ती मागून येते.
सगळी येईलच असं नाही.

घरी कौतिका कोमट पाण्यात मीठ-सोडा कालवते.
दर दोन तासांनी गुळणी.
खारट झालंय का, विचारते.
मी मान हलवतो,
होय की नाही, मलाच कळत नाही.

काल पुतण्यानं फैजपूरची पार्टी धरली.
सत्तर किलो वांगी, फोन आला,
काका, मीठ किती?
मी डब्यात हात घातला.
हाताला माहीत होतं.
कौतिकाच्या ओंजळीत मीठ ओतत गेलो
आणि एका जागी थांबलो.
ती ओंजळीकडे बघून फोनवर म्हणाली,
एवढं.

एवढं म्हणजे केवढं,
तो विचारत राहिला,
मागं पऱ्हाटी तडतडत होती.