अजून ओलं आहे

ते पत्र माझ्यापर्यंत यायचं काही कारण नव्हतं.
मी साल्मे. इथली चूल पेटवते, चादरी बदलते,
सकाळी राईचा पाव कापून ठेवते.
हीउमा बेटावरची ही शाळा मुलं संपली म्हणून बंद पडली,
आता इथे सुतार येतात, आठ आठवड्यांसाठी.
एक खोली, एक टेबल, हवं तेवढं लाकूड,
आणि कुणी "झालं का?" म्हणून विचारणार नाही ही हमी.

मार्चमध्ये समितीचे तिघे जुन्या फळ्याखाली बसले.
अर्जांचे दोन गठ्ठे. डावा बोलवायचा, उजवा आभाराचा.
कुणाच्या खुर्चीला बक्षीस,
कुणी ॲशची फळी वाफवून तिची लाट केलेली,
फोटो असे, की लाकडालाही स्वतःची ओळख पटू नये.

कॉफी ओतताना उजव्या गठ्ठ्यावरचं वरचंच दिसलं.
हिल्ये राउडला, वय चोपन्न, गाव वोरू.
तेवीस वर्षं कपाटांच्या कारखान्यात
भुशाच्या फळ्यांना कडेची पट्टी चिकटवते.
फोटो नाही. एकच ओळ:
कुणी माप न दिलेलं एक दार मला करायचं आहे.

कॉफी सांडली. सांडली खरी.
पुसायचं तर गठ्ठे उचलावे लागतात,
ठेवताना हात इकडचा तिकडे होतो.
याहून जास्त मी कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात आली. पिशवीत एक रंधा,
आजोबांचा वगैरे नाही, दुकानातून घेतलेला, पावतीसकट.
पहिला आठवडा तिने नुसतं झाडलं.
दुसरा, पटाश्यांना धार लावण्यात.
शेजारच्या खोलीतला टोर्गाइर नॉर्वेचा,
त्याचं तीन पायांचं स्टूल रोज रात्री जेवणात असायचं,
तोंडी लावायला.
ती ऐकायची. सुपातलं बटाट्याचं फोड बाजूला सारायची,
पुन्हा मध्ये आणायची.

पाचव्या आठवड्यात वादळ आलं
आणि शाळेमागचा ओक आडवा झाला.
हा ओक मी सात वर्षांची असताना
गणिताच्या तासाला मला लपवायचा. ते असो.
हिल्ये त्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली,
गुरांच्या बाजारात ठेवतात तसा.
कालयोचं करवतयंत्र ट्रॅक्टरमागून आलं.
तीन दिवस ओल्या ओकचा आंबूस वास
माझ्या चादरींनाही.

"मग दार कधी?"
"इंचाला एक वर्ष. माझं दार दोन इंचांचं."
"तुझे तर तीन आठवडे उरले."
"हो ना," म्हणाली, "हिशेबच चुकला,"
आणि इतकी हसली, की टोर्गाइरचा रंधा थांबला.

उरलेल्या दिवसांत तिने फळ्या रचल्या,
जळणाच्या खोपटात, एकीवर एक,
मध्ये बोटभर पट्ट्या, वाऱ्याला वाट म्हणून.
टोकांना मेण चोपडलं.
खडूने तारीख घातली, नाव नाही.
कुसू नाही, खाच नाही, सरसाचा थेंबही नाही.
सोमवारी तिची पाळी होती. रविवारच्या फेरीने गेली.

वहीत एक रकाना असतो: इथे काय बनवलं?
समितीने तिथे रेघ मारली.

खोपटाला दार नाही, कधीच नव्हतं,
मी एक पोतं टांगलंय.
रात्री एखादी फळी आतून कट्‌ करते,
बोट मोडल्यासारखी, मग गप्प.
हे तिसरं वर्ष.
कालयो यंत्र टोचून बघून गेला, म्हणाला, वाळलं, साल्मे.
येणारा प्रत्येक सुतार पोतं सारून आत डोकावतो,
फळीवर टकटक करतो, डोळे मोठे करतो,
आणि मला येऊन विचारतो.

अजून ओलं आहे, मी सांगते,
आणि पावाकडे वळते.