मागणी वही

दस्तगीर शिकलगार पिस्टन आणतात
जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून.
काउंटरवर फडकं उलगडतात,
म्हणतात, "बघ अक्का, गेलाच."

मला पिस्टन वाचता येतो.
धूळ गेली असती तर इनलेटकडून झिजला असता,
राखाडी, मंद, महिनोन् महिने.
हा एक्झॉस्टकडून फाटलाय,
उभे ओरखडे, रिंग खाचेतच चिकटलेली.
पेट्रोलमध्ये ऑईल पडलं नाही.
एका दुपारचं काम.

"ऑईल कुणी घातलं?"
"मीच," ते म्हणतात. फार लवकर म्हणतात.

तीस वर्षं हा माणूस बुचानं मोजून ऑईल घालतोय,
बूच उजेडाला धरून,
जास्तीचा थेंब परत बाटलीत सोडून.
बाहेर मोटरसायकलवर त्यांचा पुतण्या बसलाय.
मोबाईल बघतोय,
दुकानाकडे एकदाही बघत नाही.
मी पुढं विचारत नाही.

हे मॉडेल बंद होऊन अकरा वर्षं झाली.
कंपनीचं पत्र आलं होतं गुळगुळीत कागदावर,
नवीन मशीन घ्या, हलकं आहे, धूर कमी.
शिराळ्याच्या डोंगरात ते कुणी वाचलं नाही.
तिथं जुनी मशीनं अजून
दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला उठतात,
वाऱ्यानं आडवा झालेला आंबा
संध्याकाळच्या एसटीच्या आत रस्त्यातून काढतात.

म्हणून ही वही. पहिली पुरात गेली,
शटरवर अजून तिच्या उंचीची रेघ आहे.
ही दुसरी.
चव्वेचाळीस मिलिमीटर, पिन दहाची:
धोंडीराम झोरे, मणदूर, दोन नग.
वायदंडे, कासेगाव, एक, पुढं "लवकर" लिहिलंय
आणि त्यालाही दोन वर्षं झाली.
पलूसची वखार, चार, गॅस्केटसकट.
जतची एक बाई, नाव लिहायचं राहिलं, नंबर आहे.
नवऱ्याचं मशीन तिला विकायचंय,
पण बंद नाही, चालू करून विकायचंय.

राजकोटचे हरसुखभाई तीन महिन्यांनी येतात,
चहात बिस्कीट बुडवत म्हणतात,
"पन्नासच्या खाली डाय लावत नाही, बेन."
मी वही पुढं करते. ते बोटानं मोजतात.
सत्तेचाळीस.

गिऱ्हाईक विचारतं, ओरिजनल आहे ना?
नाही बाबा, डुप्लिकेट.
ओरिजनल कुठंच उरलं नाही
तरी याला डुप्लिकेटच का म्हणायचं,
मला कळत नाही.
बिलावर मात्र तेच लिहिते.
सर्क्लिपा दोनच्या जागी चार देते.
बसवताना एक उडतेच
आणि ती मग जगात कुठंही सापडत नाही.

दस्तगीरभाई दोनशे रुपये अॅडव्हान्स ठेवतात.
जाता जाता म्हणतात,
"ती रेघांची बाटली पण दे की, ऑईल मापायची."
त्यांना ती कशाला लागते, दोघांनाही माहीत आहे.
बाहेर जाऊन ती पुतण्याच्या हातात देतात,
काही बोलत नाहीत,
मागच्या सीटवर बसतात.
पोरगं बाटली शर्टाच्या आत घालतं,
मग दोन किका वाया जातात.

रात्री दुकान लावण्याआधी एकेक नंबर फिरवला.
वायदंड्यांनी मशीन भंगारात घातलं,
किलोवर गेलं, चेनसकट.
एक नंबर अस्तित्वातच नाही.
पलूसवाले म्हणाले, चार नको, तीन करा.
जतच्या बाईनं उचलला, म्हणाली,
"अजून पाहिजे. आता विकणार नाही, पण पाहिजे."
नाव विचारलं. रुक्साना मुजावर. लिहून घेतलं.

बेरीज खाली आली, चव्वेचाळीस.
उरलेले सहा मी माझ्या नावावर टाकले.
भाऊ म्हणाला, पडून राहतील की गं.
म्हटलं, राहू देत.
या जिल्ह्यात पुतणे काही कमी नाहीत.