करड्यातला हिरवा

तळमजल्यावरचे इनास तुस्कानो
बोटीवर चौथे इंजिनिअर.
नऊ महिन्यांनी माझगावला उतरायचे तेव्हा
बायकोला सेंट, पोरांना कंपासपेट्या
आणि आमच्याकडे, का कोण जाणे, कॅसेटी.
कोबेच्या कुठल्याशा खोलीत
रात्री टीव्हीवरून भरून घेतलेल्या,
मध्येमध्ये साबणाच्या जाहिराती
आणि एकदा पुढल्या चार दिवसांचं हवामान.
तेही आम्ही पाहायचो,
दुसऱ्यांच्या नकाशावरून सरकणारे ढग.

आमच्या मशीनला त्यांचे रंग वाचता येत नव्हते.
सगळं करडं. खालून वर
एक पांढरी रेघ सावकाश चढत जायची
माणसांच्या गुडघ्यांतून, गळ्यातून, कपाळातून.
मला वाटायचं, तिकडे असंच असतं.

आई ब्लाउजांना हुक लावत बसलेली.
भाषा येत नाही हे तिला कधी आडवं आलं नाही.
"हा थोरला. ह्याचं लग्न ठरत नाहीय.
ती बघ, धाकटीची नणंद. आतल्या गाठीची."
मग दोरा दाताखाली धरून, तोडून,
"आणि छत्री हिरवी आहे."
कशावरून?
"सतरा वर्षं कापड हाताळतेय.
हिरवा मेला की असाच करडा होतो.
लाल ह्याहून काळा मरतो."

इनासकाका गेले. बोटीवर नाही,
नायरमध्ये, पंख्याखाली.
उरलेल्या कॅसेटी काकीने पिशवीतून वर पाठवल्या,
निम्म्यांना बुरशी.
कापूस, स्पिरिट, लॅमिंग्टन रोडचा शमशाद
मशीनचं झाकण उघडताना त्यालाच म्हणायचा, आ कर.
पुढे मी मनीष मार्केट. फोर्टचा फुटपाथ,
दुपारच्या सुट्टीत, डबा उभ्यानेच संपवून.
चाळीसला एक, शंभरला तीन.
वेष्टणावर एक सिनेमा, आत दुसरा,
खालची अक्षरं तिसऱ्याचीच.
बाई रडतेय, आणि लिहून येतंय
तोफा पुढे घ्या.
तैपेई कुठलं, सोल कुठलं
हे मी आधी जेवणाच्या वाट्यांवरून ओळखू लागले,
मग दार सरकल्याच्या आवाजावरून.

नावं वाचता यायची नाहीत. वहीत मीच ठेवली.
दोन भाऊ, एक मोटारसायकल.
बर्फात बूट हरवतो तो.
कोणी बोलत नाही आणि मासा करपतो तो.
शेवट नाही, दुसरी डिस्क कोरी.
कपाट स्टीलचं. आत दर खणात
नव्या चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या
त्या खाऊ नका लिहिलेल्या पुड्या, दमट हवेवर पहारा.
एक स्थळ आलं होतं.
त्याने कपाट पाहिलं, विचारलं,
ह्यात हिंदी काय आहे?
आईनेच नाही कळवलं.

आणि ह्या मार्गशीर्षात कुरियरने
छत्रीवाली आली.
धुऊनपुसून नव्याने काढलेली, जाड डबीत,
अक्षरं जिथल्या तिथे.
ती कोणाची नणंद नव्हती,
सावकाराकडून वसुलीला आलेली.
थोरला थोरला नव्हता, भाडेकरू होता.
आतल्या गाठीची मात्र होती.
छत्री गाजरी.
भडक, सोललेल्या गाजराची.

मी चित्र थांबवलं. कुठेच रेघ नाही.
एवढी वर्षं त्या बाईने ती उघडी धरलेली
आणि मला कळू दिलं नव्हतं.
मला जरा रागच आला, कोणाचा ते ठरेना.

आईला हाक मारली.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसरा पिकतोय.
ती पडद्याच्या अगदी जवळ गेली,
अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं
दुकानात काठ तपासावा तसं.
"पक्का नाही हा. मागून चढवलाय."
मग खुर्ची ओढून बसली, मांडीवर
सवयीने काहीतरी चाचपत, जे आता नसतं.
"लाव पुढे. हा थोरला ना?"

हो, म्हटलं.
ह्याचं लग्न ठरत नाहीय.