जोडाक्षर

एक्सलो पॉइंटला उतरून मागच्या गल्लीत,
जिथे नटबोल्टच्या खोक्यांवर मांजर झोपलेलं असतं,
तिथे आहे क्लास.
पत्र्याची शेड, आणि आत
पंधरा सुयांचं मशीन, आपल्याच नादात.

फी चोवीस हजार, महिने तीन.
हप्ते चालतील, म्हणाला प्रज्योत गांगुर्डे,
ज्याचं वय माझ्या शिलाई मशीनपेक्षा कमी.

चोवीस हजार आहेत माझ्याकडे.
म्हणजे भिशीचे आहेत, येत्या महिन्यात माझा नंबर.
म्हणजे फ्रीजचे आहेत,
ज्याचं दार दिवाळीपासून आम्ही
खुर्ची लावून बंद करतो.

घरी म्हणाले, तुझ्या मनावर आहे.
हे वाक्य मी ओळखते.
उलटून बघितलं की सगळ्या गाठी दिसतात.

पवननगरात माझी आरी माहीत आहे सगळ्यांना.
एका ब्लाउजच्या पाठीला चार दिवस,
मान खाली, कान कुकरकडे.
परवा भालेराव बाई मोबाइल पुढे करून म्हणाल्या,
हेच बाहेर साडेतीनशेत मिळतं हो.
मिळत असेल, मी म्हटलं.
त्या रात्री आरी दोनदा बोटात गेली.

शेडमध्ये शाळेचे बिल्ले चालू होते.
निळ्यावर पिवळं. दिवा, पुस्तक,
खाली गोलाईत विद्या मंदिर.
एक बिल्ला सहा मिनिटांत. घड्याळ लावून बघितलं.
हात आपोआप ओढणीखाली गेले.

मग दोरा तुटला.
मशीन थांबून पीं पीं करू लागलं,
नाक पुसायला कुणीतरी या, अशा सुरात.
प्रज्योत धावला. मी वाकले.

विद्‌या.
द लंगडा, य लांब उभा,
मध्ये सुईएवढी फट.

हे चुकलंय, मी म्हटलं.
डिझाइन सुरतेहून येतं, ताई.
आणि एवढं कोण बघतं?

दोनशे पोरं बघतील. खाली मान घालून,
स्वतःच्या छातीवर, उलटं.

डिझाइन बनवायचं कुठे शिकवतात?
पंचिंग? तो वेगळा कोर्स. कॉम्प्युटर लागतो. चाळीस हजार.
तुम्हाला जमेल का, असं तो म्हणाला नाही.
दोरा ओवत राहिला, तिसऱ्यांदा.
मी त्याच्या हातातून घेतला आणि ओवला.

परतीच्या बसमध्ये
चोवीस आणि वरचे सोळा
त्रिमूर्ती चौकापर्यंत काही जमले नाहीत.
खिडकीच्या धुळीत बोटाने द काढला,
आणि बोट न उचलता,
त्याच्या पोटातूनच,
य.